सायकलच्या चाकाची तार : तिचे माप आणि तिचे आटे

पहाटे भोंगा वाजवीत दारी येणारा पोदेर, टपालाची पिशवी घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडणारा पोस्टमन आणि चारपाच किलोमीटरवरील माध्यमिक शाळेत जाणारी विद्यार्थिनी या तिघांच्या दिनक्रमात एक गोष्ट समान असते. त्यांचे दिवसभराचे काम दोन मिलिमीटर जाडीच्या काही पोलादी तारांवर अवलंबून असते. या तारांना आपल्याकडे कोणी स्पोक म्हणतात, कोणी आरे म्हणतात. सायकल दुरुस्त करणारे कारागीर मात्र त्यांना नुसती ‘तार’ म्हणतात. एखादी तार तुटली तर चाक डुगडुगते, दुसरी तुटली तर ब्रेकला घासते आणि तिसरी तुटल्यावर सायकल भिंतीला टेकवून ठेवावी लागते. पुष्कळदा ती तेथेच राहते. ‘या मापाची तार मिळत नाही’ एवढेच उत्तर दुकानातून मिळते आणि पुढच्या पावसाळ्यात तिला गंज चढतो.

वास्तविक मापाची तार मिळत नसली तरी मोठ्या मापाची तार कापून, तिच्यावर नवे आटे पाडून ती हव्या त्या मापास आणता येते. हे काम अवघड नाही. परंतु त्यामागील कारणे ठाऊक नसतील तर ते हमखास बिघडते. प्रस्तुत लेखात त्या कारणांचा आणि कृतीचा परामर्श घेतला आहे. गावोगावचे कारागीर, तंत्रशाळांतील निदेशक आणि शाळांमधून वाटलेल्या सायकलींची देखभाल ज्यांच्याकडे आली आहे असे शिक्षक यांना तो उपयोगी पडावा.

गाडीचे चाक आणि सायकलचे चाक

बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे खांबासारखे काम करतात. तुंब्यावर आलेला भार खालच्या आऱ्यावर पडतो, आरा तो लोखंडी धावेकडे आणि धाव जमिनीकडे पोचविते. आरा दबला जातो, म्हणून तो जाड असावा लागतो. सायकलची तार असा भार पेलू शकत नाही. एखादी सुटी तार जमिनीवर उभी धरून वरून दाबली तर ती लगेच वाकते. तीच तार दोन्ही टोकांना धरून ओढावयास लागलो तर ती तोडणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. या एका गुणावर सायकलचे सारे चाक उभारले आहे. हबपासून रिमपर्यंतच्या सर्व तारा आधीच जोराने ताणलेल्या असतात. स्वार बसला म्हणजे जमिनीलगतच्या तीनचार तारांचा ताण कमी होतो; बाकीच्या तारांना त्याची फारशी जाणीवही होत नाही. तार ढिली पडून लोंबू लागत नाही तोपर्यंत चाक मजबूत राहते.

ही कल्पना एका दिवसात कोणाला सुचली नाही. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज केली यांनी आपल्या उड्डाणयंत्रासाठी हलक्या चाकाचा विचार करताना १८०८ साली ताणलेल्या दोऱ्यांच्या चाकाची आकृती काढली होती. पॅरिसचे यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारांच्या चाकाचे एकस्व घेतले. पुढे १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तारा हबमधून सरळ बाहेर न काढता तिरप्या, एकमेकींना ओलांडणाऱ्या अशा बसविल्या. तिरप्या तारेमुळे पायट्याचा जोर हबपासून रिमपर्यंत पोचतो. सरळ तारांचे चाक त्या जोराने आतल्या आत पिळवटते. आज गल्लीतल्या दुकानात चाक बांधले जाते ते स्टार्ली यांच्याच पद्धतीने.

आता तार तुटते का, हे पाहू. आपल्या परिचयाच्या साध्या काळ्या सायकलचे २८ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते; म्हणजे एका किलोमीटरला त्याचे ४४५ च्या आसपास फेरे होतात. शाळेत जाऊन-येऊन रोज दहा किलोमीटर अंतर पडत असेल तर प्रत्येक तार त्या दिवशी सुमारे साडेचार हजार वेळा ढिली होते आणि पुन्हा ताणली जाते. पोदेराच्या मागील चाकावर पावांची भरलेली टोपली असते. रस्त्यात गतिरोधक असतात, उतार असतात. तार एका धक्क्याने क्वचितच तुटते. पुनःपुन्हा वाकविल्याने लोखंडी पट्टी जशी शेवटी मोडते, तशी ती थकून तुटते. तुटण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. एक जागा हबच्या चकतीतील वळणाची, जिला कोपर म्हणता येईल. दुसरी जागा म्हणजे निपलमध्ये जेथे आटे सुरू होतात ती पहिली कडी. लोकांची समजूत अशी की तार फार ताणली म्हणून तुटली. अनुभव उलट आहे. ढिली तार प्रत्येक फेऱ्यात अधिक हलते, म्हणून तीच आधी तुटते.

माप काढणे

तारेची लांबी कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजतात. डोके आणि वळण त्यात धरीत नाहीत. चाक सुटे करण्याआधी प्रत्येक बाजूची एक एक अखंड तार काढून मोजून ठेवावी आणि तारांनी किती फुल्या घेतल्या आहेत, म्हणजे हबपासून रिमपर्यंत एक तार आपल्याच बाजूच्या किती तारांना ओलांडते, हेही लिहून ठेवावे. साध्या भारतीय सायकलच्या पुढील चाकात ३२ व मागील चाकात ४० तारा असतात. मागे आठ तारा अधिक असण्याचे कारण उघड आहे: भार मागे, आणि साखळीचा ओढाही मागे. गीअरच्या नव्या सायकलींत दोन्ही चाकांना बहुधा ३२ किंवा ३६ तारा आढळतात.

नवी रिम जुन्या रिमच्याच घाटाची असेल आणि तारा सुस्थितीत असतील तर काहीही कापावे लागत नाही. दोन्ही रिमा एकावर एक ठेवून व्हॉल्व्हची छिद्रे जुळवावी, चिकटपट्टीने दोन्ही बांधाव्या आणि एक एक तार जुन्या रिममधून सोडवून नव्या रिममध्ये लावीत जावे. चाकाची वीण न मोडता रिम बदलली जाते. घाट वेगळा असेल तर मात्र माप नव्याने काढलेच पाहिजे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन रिमांची आतली खोली वेगळी असू शकते, आणि तारेला तीच खोली जाणवते.

रिमची खरी खोली मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. दोन जुन्या तारांची डोकी कापून टाकावी व दोन्हींची लांबी मोजून घ्यावी. समोरासमोरच्या दोन छिद्रांतून निपल घालून त्यांत या तारा, त्यांचे टोक निपलच्या खाचेच्या तळापर्यंत येईल अशा फिरवाव्या. मग दोन्ही तारा मध्याकडे ओढून त्यांच्या टोकांमधील अंतर मोजावे. दोन तारांची लांबी आणि हे अंतर यांची बेरीज म्हणजे चाक बांधण्याच्या दृष्टीने रिमचा व्यास. हेच मोजमाप काटकोनात दुसऱ्यांदा घ्यावे, म्हणजे रिम अंडाकृती आहे की काय तेही कळते.

यापुढील हिशेब गणिताच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा असा आहे. (कलाशाखेच्या पदवीधराला त्रिकोणमितीची अशी आठवण सायकलच्या दुकानात व्हावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.) रिमच्या त्रिज्येचा वर्ग, हबच्या चकतीवरील छिद्रवर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग आणि हबच्या मध्यापासून चकतीपर्यंतच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करावी. तीमधून दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार दुप्पट करून व त्याला एका कोनाच्या कोसाइनने गुणून आलेली संख्या वजा करावी. तो कोन म्हणजे ७२० अंशांना फुल्यांच्या संख्येने गुणून तारांच्या एकूण संख्येने भागले असता येणारी संख्या. उरलेल्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्यातून हबच्या छिद्राचा अर्धा व्यास वजा केला म्हणजे तारेची लांबी मिळते.

उदाहरणादाखल ४० तारांचे, चार फुल्यांचे मागील चाक घेऊ. समजा, रिमची त्रिज्या ३११ मिलिमीटर, छिद्रवर्तुळाची २२, आणि मध्यापासून चकती ३४ मिलिमीटरवर आहे. वर्ग अनुक्रमे ९६,७२१, ४८४ व १,१५६ आणि बेरीज ९८,३६१. कोन ७२ अंशांचा, त्याचा कोसाइन ०.३०९. वजा करावयाची संख्या ४,२२८. बाकी ९४,१३३, तिचे वर्गमूळ ३०६.८. हबच्या छिद्राचा व्यास २.४ असल्यास त्याचा अर्धा, १.२, वजा जाऊन ३०५.६ मिलिमीटर उरतात. हेच चाक तीन फुल्यांनी बांधावयाचे म्हटले तर कोन ५४ अंशांचा होतो आणि तार ३०० मिलिमीटरच्याही खाली, २९९.३ वर येते. केवळ एक फुली कमी केल्याने सहा मिलिमीटरहून अधिक फरक! चाक आधी चार फुल्यांचे होते की तीन, हे विसरलेल्या दुकानदाराकडून आणलेल्या तारा का बसत नाहीत, याचा उलगडा येथे होतो.

गीअरच्या मागील चाकात उजवी चकती मध्याच्या अधिक जवळ असते. सबब उजव्या बाजूच्या तारा एकदोन मिलिमीटर आखूड निघतात. दोन्ही बाजूंचे माप वेगळे काढावे.

किती चूक चालते? टोक निपलच्या खाचेच्या तळाशी यावे. एक मिलिमीटर वर किंवा दोन मिलिमीटर खाली चालून जाते. तार याहून आखूड असेल तर निपलच्या डोक्याखालीच आटे संपतात आणि निपलचे डोके तुटून येते. तार लांब असेल तर ताण पुरेसा येण्याच्या आधीच निपल आटे नसलेल्या भागावर जाऊन अडतो, आणि वर आलेले टोक ट्यूबला भोक पाडते. टोक कानशीने घासता येते. अडलेल्या निपलला मात्र घासून काही उपयोग होत नाही.

आटे कापावयाचे नाहीत, दाबावयाचे

या कामात सर्वांत अधिक घोटाळा येथे होतो. तार कापली, आता नळाला पाडतात तसे डाय लावून आटे पाडले की झाले, असे पुष्कळांना वाटते. आटे दिसावयास उत्तम दिसतात, निपलही फिरतो, चाकही बांधले जाते आणि आठ-पंधरा दिवसांत तारा पटापट तुटू लागतात किंवा निपल आट्यांवरून सरकतात.

शेतात पाण्याचा पाट खणताना माती उचलून बाहेर टाकावी लागते. तेवढी माती त्या जागेवरून कमी होते. उलट ओल्या वाटेवरून गाडी गेली म्हणजे चाकोरी खोल जाते, पण माती कोठे जात नाही. ती दोन्ही कडांना वर येते. डायने आटे कापणे म्हणजे पाट खणणे आणि रुळांनी दाबून आटे उमटविणे म्हणजे चाकोरी पाडणे. कारखान्यातून आलेल्या तारेचे आटे दाबलेले असतात. आटे असलेल्या भागावर बोट फिरविले तर तो उरलेल्या तारेपेक्षा किंचित जाड लागतो. दोन मिलिमीटरच्या तारेवर आट्यांचा बाहेरचा व्यास २.२ ते २.३ मिलिमीटर भरतो, आणि निपलचे आतले आटे त्याच मापाला धरून केलेले असतात.

याच दोन मिलिमीटरच्या तारेवर पाव मिलिमीटर खोल आटे कापले तर गाभा दीड मिलिमीटरचा उरतो. त्याचे क्षेत्रफळ मूळ तारेच्या ५६ टक्के भरते. म्हणजे जवळजवळ निम्मी तार भुशाच्या रूपाने जमिनीवर पडली. शिवाय आट्यांची शिखरे दोन मिलिमीटरच्या वर जाऊच शकत नाहीत. त्यामुळे ती निपलच्या आट्यांत अर्धवटच अडकतात. आणि कापलेल्या आट्याची तळाशी असलेली धार ही तार थकून फुटावयास आयतीच जागा होते. ज्या जागी तार आधीच दुबळी, तेथेच आपण तिला खाच पाडतो. म्हणून सायकलच्या तारेवर आटे कापू नयेत, असे निःसंदिग्धपणे सांगावयास हवे.

आटे दाबणाऱ्या हातयंत्रात कठीण पोलादाचे तीन लहान रूळ असतात. त्यांच्यामधून तार फिरत पुढे सरकते. जपानच्या होझान कंपनीचे असे हातयंत्र प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील फिल वुड यांचे यंत्र तार कापते आणि आटेही पाडते. तारेची जाडी बदलली की रूळही बदलावे लागतात. १४ गेजची म्हणजे २ मिलिमीटरची तार, १३ गेजची २.३ ची, १५ गेजची १.८ ची, प्रत्येकीचे रूळ वेगळे. सर्वसाधारण १४ गेज तारेवर इंचाला ५६ आटे असतात, म्हणजे निपलच्या एका पूर्ण फेऱ्यात तार सुमारे ०.४५ मिलिमीटर ओढली जाते. असे यंत्र एकट्या ग्रामीण दुकानाच्या आवाक्यातले नाही, हे मान्य केले पाहिजे. चारपाच दुकानदारांनी मिळून एक घेणे, किंवा जवळच्या तंत्रशाळेत ते ठेवून ठरलेल्या दिवशी सर्वांना वापरावयास देणे व्यवहार्य ठरेल. यंत्र दिवसचे दिवस पडून राहण्यापेक्षा ते बरे.

प्रत्यक्ष कृती

तार नवी असावी. गंजलेल्या तारेचा गंज रुळांना खातो आणि थकलेल्या तारेवर केलेले श्रम वाया जातात. मध्ये बारीक व टोकांना जाड अशा तारा मिळतात; त्या कापताना आटे जाड भागावरच येतील याची खातरजमा करावी. तार लांब करता येत नाही, तेव्हा खरेदी नेहमी वरच्या मापाची करावी.

किती वरच्या मापाची? तारेवर मुळात सुमारे १० मिलिमीटर आटे असतात. तार १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक कापावयाची असेल तर जुने आटे सर्वच्या सर्व निघून जातात आणि नवे आटे कोऱ्या तारेवर पडतात. हे सर्वांत सोयीचे. वरील उदाहरणातल्याप्रमाणे सहाच मिलिमीटर कापावयाचे असतील तर चार मिलिमीटर जुने आटे शिल्लक राहतात आणि नवे आटे त्यांच्याच वाटेने पुढे न्यावे लागतात. रूळ जुन्या चाकोरीत नीट बसला नाही तर दोन आटे एकमेकांवर चढतात व दोन्ही बिघडतात. म्हणून शक्य असेल तेथे दहा ते वीस मिलिमीटर लांब तार घ्यावी.

कापण्यासाठी धारदार कटर वापरावा. पकडीने मुरगळून तोडलेले टोक चपटे होते. कापताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण तुटलेला तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा उडतो. सर्व तारा एका पट्टीवर खुंटी मारून एकाच मापाने कापाव्या. प्रत्येक वेळी मोजपट्टी लावीत बसले तर मिलिमीटर-अर्धा मिलिमीटर चुकतोच. कापलेले टोक कानशीने चहूबाजूंनी थोडे निमुळते करावे, म्हणजे ते रुळांत सरळ शिरते. मग तार व्हाइसमध्ये घट्ट पण न चेचता धरावी. तार गरगरली तर आटे पडत नाहीत, आणि व्हाइसच्या दातांचे ओरखडे राहिले तर तेथून ती पुढे तुटते. टोकाला शिलाई यंत्राचे तेल लावावे आणि यंत्र एकसारख्या गतीने फिरवीत १० मिलिमीटर आटे पाडून उलटे फिरवून काढून घ्यावे.

रुळांचा दाब पहिल्याच तारेवर बरोबर बसेल असे नाही. दाब कमी असेल तर आटे उथळ पडतात; फार असेल तर त्यांचे पापुद्रे निघतात किंवा तार पिळवटून मोडते. दोनतीन कापलेल्या तुकड्यांवर दाब जमवून घ्यावा आणि मगच चांगल्या तारेला हात लावावा. परीक्षा सोपी आहे. व्हर्नियरने मोजल्यास आट्यांचा व्यास २.२ च्या वर भरला पाहिजे. निपल बोटांनी अखेरपर्यंत फिरला पाहिजे आणि फिरत असताना बाजूला डुलता कामा नये. डुलला तर आटे उथळ आहेत, अडला तर खोली वा कचरा यांचा दोष आहे. स्टेनलेस पोलादाची तार गंजत नाही हे खरे, पण ती कठीण असते आणि रूळ लवकर झिजवते. तिच्यासाठी तेल सढळ हाताने वापरावे.

खाऱ्या वाऱ्याच्या आपल्या प्रदेशात एक काळजी अधिक घ्यावी लागते. जस्ताचा मुलामा असलेल्या तारेचे कापलेले टोक उघडे पडते व तेथून गंज आत शिरतो. चाक बांधताना आट्यांना जवसाचे तेल किंवा थोडे ग्रीस लावावे. जवसाचे तेल सावकाश वाळून चिकट होते, त्यामुळे निपल आपोआप सैल होत नाही आणि पुढे चावीने फिरविताही येतो. निपल पितळी घ्यावे. लोखंडी निपल गंजून तारेवर घट्ट बसले की पुढच्या वेळी चावी फिरविताच चौकोनी डोके गोल होऊन जाते आणि एका निपलापायी तारही कापावी लागते.

चाक बांधून झाल्यावर निपल एकदम न आवळता सर्व तारांना अर्धा-अर्धा फेरा देत ताण सारखा वाढवावा. मग आऊट काढावा : प्रथम उंचसखलपणा, नंतर डावे-उजवे. शेवटी तर पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. तेवढ्यानेही तार एक दशांश मिलिमीटरहून थोडी अधिक ओढली जाते. शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या हातांत धरून जोराने आवळाव्या. तारांतील पीळ करकर आवाज करीत सुटतो आणि कोपरे चकतीत नीट बसतात. यानंतर आऊट पुन्हा तपासावा लागतो. एकाच बाजूच्या तारा नखाने छेडून पाहाव्या. त्यांचे स्वर जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एखादी तार बद्द वाजली तर ती ढिली आहे. रिमच्या आतल्या बाजूने बोट फिरवून कोणते टोक वर आले आहे का पाहावे, आले असेल तर कानशीने सपाट करावे, रबरी पट्टी बसवावी आणि मगच ट्यूब घालावी. पन्नासेक किलोमीटर सायकल चालविल्यावर चाक एकदा पुन्हा घोडीवर चढवून तारा छेडून पाहाव्या. नव्याने आटे पाडलेली एखादी तार त्या वेळी थोडी सैल मिळते, तिला पाव फेरा द्यावा.